मध्यवस्तीतला मॉल ओस पडला. वडिलांचा गाळा ठेवू की विकू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण असाच प्रश्न घेऊन दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी माझ्या टेबलासमोर बसतं. तुमची हकीकत थोडक्यात अशी : वडिलांनी २०१० मध्ये कोकणातल्या एका शहराच्या भर बाजारपेठेत, नव्याने झालेल्या मॉलमध्ये पहिल्या मजल्यावर २१० चौरस फुटांचा गाळा ८,००० रुपये फुटाने, म्हणजे १६ लाख ८० हजारांना घेतला. निवृत्तीच्या पैशातला मोठा हिस्सा त्यात गेला. पहिली तीन वर्षं भाडं वेळेवर आलं, मग भाडेकरू बदलत राहिले, आणि गेली सहा वर्षं शटर खाली आहे. वडील आता नाहीत. मेंटेनन्सची थकबाकी व्याजासकट २ लाख ४० हजार दाखवतात. तळमजल्यावरच्या एका कापड दुकानदाराने गाळा ९ लाखांना मागितलाय. आई म्हणते, बाबांनी स्वतः घेतलेली ही शेवटची वस्तू, विकू नकोस. तुमचं विचारणं आहे की हा मॉल परत उभा राहील का, आणि एवढ्या मोक्याच्या जागेवर असून तो बसलाच कसा.

शहराचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, ते बरंच केलंत. मी २००३ पासून व्यापारी संकुलांचे हिशेब आणि व्यवस्थापन बघते. सुरुवात एका बिल्डरच्या ऑफिसात अकाउंट्सपासून झाली, २००८ ते २०१४ मी अशाच एका मॉलची मॅनेजर होते, आणि आता रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ इथल्या चार संकुलांचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे तुमच्या मॉलचं नाव न कळताही आतलं चित्र मला बऱ्यापैकी दिसतं. तरी काही गोष्टी तुमच्या कागदांवर अवलंबून आहेत, त्या त्या ठिकाणी तसं लिहिते.

आधी मॉल बसला कसा ते बघू, कारण विकायचं की ठेवायचं याचं उत्तर त्यातच आहे.

आपल्या देशात मॉलची लाट आली ती १९९९ पासून. त्या वर्षी मुंबईत हाजी अलीला क्रॉसरोड्स आणि दिल्लीत अन्सल प्लाझा उघडलं. पुढच्या आठ-दहा वर्षांत ती लाट तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली. पण येताना एक गोष्ट वाटेत गळून पडली. धड चालणाऱ्या मॉलमध्ये सगळे गाळे एकाच मालकाकडे असतात आणि तो ते फक्त भाड्याने देतो. कुठलं दुकान कुठे बसवायचं, कुणाला काढायचं, कुणाला वर्षभर भाडं माफ करून टिकवायचं, हे तो ठरवतो. लोकांना खेचून आणणाऱ्या मोठ्या दुकानाला, म्हणजे अँकरला, तो जवळजवळ पडत्या भावात जागा देतो आणि ती कसर त्या गर्दीवर जगणाऱ्या लहान दुकानांकडून भरून काढतो. हे सगळं वही एकाच्या हातात असली तरच जमतं.

आपल्याकडच्या बिल्डरला ते परवडणारं नव्हतं. जमीन घ्यायला आणि स्लॅब टाकायला पैसा लागतो, आणि लहान शहरातला बिल्डर तो बुकिंगमधून उभा करतो. म्हणून त्याने मॉल बांधला, पण विकला चाळीतल्या खोल्यांसारखा, गाळा-गाळा करून. उद्घाटनाचा नारळ फुटला त्या दिवशीच त्याचे पैसे वसूल झालेले होते. मॉल चालो न चालो, त्याच्या खिशाला फरक पडणार नव्हता.

मी सांभाळलेल्या मॉलमध्ये ६८ गाळे होते आणि ५१ मालक. त्यातले निम्म्याहून जास्त मुंबई-पुण्यात, काही आखातात. बहुतेकांनी गाळा धंद्यासाठी घेतलाच नव्हता, तुमच्या वडिलांसारखाच भाड्यासाठी घेतला होता. प्रत्येकजण आपापला भाडेकरू शोधायचा आणि जो आधी डिपॉझिट देईल त्याला किल्ली द्यायचा. एका वर्षी पहिल्या मजल्यावर एकाच ओळीत सात मोबाईलची दुकानं झाली. सातही जणांना मी आधी सांगितलं होतं की इथे हे चालणार नाही. पण माझ्या सांगण्याला वजन काय? गाळा त्यांच्या मालकांचा. दीड वर्षात सातातली पाच बंद झाली आणि त्या ओळीतले दिवे गेले. लोक अंधाऱ्या ओळीत वळत नाहीत, हे मी रोज डोळ्यांनी बघत होते.

दुसरं कारण आपल्या भागाचं खास आहे, आणि ते बाहेरच्या आर्किटेक्टला कधी कळलं नाही. आपल्या शहरांची बाजारपेठ एसटीच्या वेळापत्रकावर चालते. रत्नागिरीचंच घ्या. सकाळच्या गाड्यांनी पावस, जयगड, लांजा, राजापूर या बाजूंची माणसं उतरतात. कोर्ट, बँक, दवाखाना अशी कामं उरकतात, मग रामआळीत खरेदी करतात, आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात, कारण ती चुकली तर रात्र स्टँडवर. म्हणजे खेड्यातलं गिऱ्हाईक बाजारात असतं ते साधारण दहा ते चार. मॉलची रचना मात्र मुंबईच्या घड्याळावर : अकराला उघडायचं आणि सगळी भिस्त संध्याकाळी सात ते दहावर ठेवायची. त्या वेळी आमच्याकडे कोण यायचं? शहरातली नोकरदार कुटुंबं आणि कॉलेजची मुलं. ती यायची, हिंडायची, वर आईस्क्रीम खायची आणि जायची. मी गेटवर मोजणी ठेवायचे. माणसं भरपूर दिसायची, हातात पिशवी क्वचित.

मग सणांचं. गणपतीत चाकरमानी येतो तो दादर-लालबागला खरेदी करून, भरलेल्या बॅगा घेऊन उतरतो. इथे तो घेतो ती भाजी, फुलं, माटवीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटीचं सामान आणि ऐनवेळी राहिलेलं सटरफटर, आणि ते सगळं पेठेत मिळतं. लग्नाचा बस्ता ज्यांना मोठा करायचा ते कोल्हापूर गाठतात किंवा मुंबई. राहता राहिले मे महिना आणि दिवाळी. तेवढ्यावर बारा महिन्यांचा मेंटेनन्स निघत नाही.

आणि उधारी. याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, पण मला वाटतं जुनी पेठ टिकली ती मुख्यतः उधारीवर. बागायतदाराच्या हातात पैसा येतो आंब्याचा हिशेब मिटल्यावर. मच्छीमाराचं घर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत बसून असतं, त्याचा पैसा फिरतो नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडल्या की. शाळा उघडते जूनमध्ये, म्हणजे वह्या, छत्र्या, गणवेश नेमके त्याच कोरड्या महिन्यांत लागतात. पेठेतला दुकानदार म्हणतो, ‘न्या हो, पुनवेनंतर बघू.’ त्याला त्या घराच्या तीन पिढ्या माहीत असतात. मॉलमधल्या साखळी दुकानातला पगारी मुलगा हे म्हणूच शकत नाही, त्याचा काउंटर रात्री जुळावा लागतो.

तिसरं कारण म्हणजे इमारतच. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि हवा खारी. अशा ठिकाणी आमच्या मॉलला मधोमध काचेचा घुमट होता. पहिल्या पावसाळ्यात तो एका सांध्यातून गळला, तिसऱ्या पावसाळ्यात अकरा. खाली मी निळ्या बादल्या ठेवायचे आणि त्यांच्या भोवती कुंड्या मांडायचे, बादल्या दिसू नयेत म्हणून. समोरच्या पत्र्यांचे स्क्रू गंजून लाल ओघळ यायचे. एसीचे बाहेरचे कॉइल दोन-तीन वर्षांत खाल्ले जायचे. त्यात पहिली काही वर्षं भारनियमनाची होती. जनरेटरला डिझेल किती गेलं त्याची वही माझ्याकडे अजून आहे. उन्हाळ्यात काही महिने डिझेलचा खर्च मेंटेनन्सच्या जमा रकमेच्या वर जायचा. मग एसी कमी, मग लोक कमी, मग भाडेकरू म्हणायचा मेंटेनन्स कशाचा देऊ.

सरकत्या जिन्याची एक गोष्ट सांगते, मग पुढे जाते. २००८ मध्ये उघडला तेव्हा आमच्या भागात सरकता जिना बघायला म्हणून माणसं येत होती. आम्ही पायथ्याशी एक सिक्युरिटी खास ठेवला होता, नुसता हात धरून लोकांना चढवायला. त्याच्या आईच्या वयाची माणसं पायातली वहाण काढून हातात घ्यायची, देवळाच्या पायरीवर काढतात तशी, आणि तो म्हणायचा, ‘राहू दे मावशी, घाला पायात. आधी उजवा पाय टाका, मी धरलंय.’ चार वर्षांनी वीजबिल बघून आम्ही जिना फक्त शनिवार-रविवार चालू ठेवायला लागलो. मग फक्त गणपती-दिवाळीत. २०१३ च्या पावसाळ्यात त्याच्या कंगव्यात, म्हणजे पायऱ्या जिथे आत शिरतात त्या दातेरी पट्टीत, गंज धरला, दुरुस्तीचं कोटेशन आलं, मी मालकांची सभा बोलावली. ५१ पैकी ११ जण आले. वर्गणी निघाली नाही. जिन्याच्या तोंडाशी आम्ही दोन कुंड्या आडव्या लावल्या. त्या महिन्यापासून पहिल्या मजल्यावर येणारं गिऱ्हाईक झपाट्याने उतरलं. तुमच्या वडिलांचं भाडं ‘पहिली तीन वर्षं’ आलं हे वाचलं तेव्हा मला तो जिनाच आठवला.

मॉल मरतो तो साधारण याच क्रमाने. आधी वरच्या मजल्यावरचं खाद्यदालन बंद, मग सरकता जिना, मग वरच्या मजल्याचं स्वच्छतागृह कुलूपबंद, मग अँकर करार संपला की निघून जातो, आणि तो गेला की दोन वर्षांत मधले मजले रिकामे. तळमजल्याचे रस्त्याकडे तोंड असलेले गाळे मात्र चालू राहतात, कारण ते मॉलचे नसतातच, रस्त्याचे असतात.

ऑनलाइन खरेदीने मॉल मारला असं सगळीकडे म्हटलं जातं. आपल्या भागापुरतं मला ते पटत नाही. आमचा जिना थांबला २०१३ मध्ये. खेडोपाडी स्वस्त इंटरनेट पोचलं ते २०१६ च्या सप्टेंबरनंतर. लॉकडाऊन २०२० च्या मार्चमध्ये लागला. ऑनलाइनने आणि लॉकडाऊनने आधीच दम लागलेल्याला खाली बसवलं, एवढंच. शहर बाहेर पसरलं याचा धक्का थोडा मोठा : रत्नागिरीत मारुती मंदिर, नाचणे, कुवारबाव या बाजूला वस्ती गेली, तिथे गाडी दारात लावता येईल अशी दुकानं झाली, आणि मध्यवस्तीत येणं म्हणजे पार्किंगची कटकट झाली. तुमच्याही शहरात तसंच झालं असणार.

थोडक्यात, मोक्याची जागा पेठेला उपयोगी पडली, मॉलला नाही. मॉलला लागणारा एकहाती कारभार तिथे पहिल्या दिवसापासून नव्हता.

आता, तो परत उभा राहील का? मॉल म्हणून, माझ्या मते नाही. मोठमोठ्यांचंही झालेलं नाही. मुंबईचं क्रॉसरोड्स हातबदल होऊन दुसऱ्या नावाने चाललं आणि तरीही ओसरलंच. अमेरिकेत सॅन डिएगो शहराच्या अगदी मध्यात १९८५ मध्ये हॉर्टन प्लाझा नावाचा मॉल उघडला होता, खूप गाजलेला. तोही रिकामा होत गेला आणि २०१८ मध्ये कचेऱ्यांसाठी त्याचं रूपांतर करायचं म्हणून विकला गेला. तिथे तर इमारत एका हातात होती. पण इमारत दुसऱ्या कामाला लागू शकते, आणि ते मी इथे स्वतः घडताना पाहिलंय.

माझ्याकडच्या एका संकुलात पहिल्या मजल्यावरचे २३ गाळे पाच वर्षं बंद होते. त्यातल्या १९ मालकांनी एकत्र येऊन मधल्या भिंती काढायला संमती दिली आणि सगळी जागा एकाच करारात एका वैद्यकीय तपासणी केंद्राला नऊ वर्षांसाठी दिली. करार अकरा महिन्यांचा नाही, रीतसर नोंदवलेला. भाडं फुटामागे कमी, पण बारा महिने. दवाखान्याला दर्शनी भाग लागत नाही, लिफ्ट आणि पार्किंग लागतं. पेशंट सकाळी एसटीने येतो आणि दुपारी जातो, म्हणजे आपल्या बाजाराचं घड्याळ आणि त्याचं घड्याळ जुळतं. राहिलेले चार मालक अडून बसले होते. त्यातले दोन नंतर आले, उरलेल्या दोघांचे गाळे आजही बंद आहेत. हे जमवायला मला चौदा महिने लागले, त्यातले दहा फक्त मालकांचे पत्ते आणि वारस शोधण्यात गेले.

चिपळूणचं उदाहरण वेगळं आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात बाजारपेठेतली तळमजल्याची दुकानं बुडाली. ज्यांचा माल खाली होता तो चिखल झाला. त्यानंतर तिथले व्यापारी वरच्या मजल्याचे गाळे विचारायला माझ्याकडे येऊ लागले. त्यांना दुकान नको होतं, पावसाळ्यात माल चढवून ठेवायला उंच, कोरडी जागा हवी होती. वर्षानुवर्षं कुणी न विचारलेल्या गाळ्यांना भाडं मिळालं. तुमचं शहर नदीकाठचं असेल तर तुमच्या पहिल्या मजल्याची किंमत रस्त्यापेक्षा पुराच्या रेषेवरून ठरते, आणि तो कापड दुकानदार गाळा कशाला मागतोय हेही त्यातून कळतं.

त्याच्याकडे जरा नीट बघा, कारण मला तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच वाटली. बंद मॉलमधला गाळा बाहेरचा माणूस विकत घेत नाही. आतला माणूस घेतो, आणि त्याला दोनपैकी एक कारण असतं. एक, त्याला माल ठेवायला जागा हवी आहे आणि सध्या तो कुठेतरी गोदामाचं भाडं भरतोय. तसं असेल तर तो किती भाडं भरतो ते काढा. पेठेत हे लपत नाही, हमालाला विचारलं तरी कळतं. दोन, तो शेजारचे गाळे गोळा करतोय. तुमच्या ओळीतल्या इतर मालकांना फोन करा. त्यांनाही त्याने विचारलं असेल तर ही वेगळी बाब आहे. एका हातात पुरेसे गाळे आले तर त्या मजल्याला प्रथमच निर्णय घेणारं कुणीतरी मिळेल. मग तुम्हाला ९ लाखांवर थांबायचं कारण नाही, पण सगळ्यात शेवटी उरायचंही नाही. मी सांगितलेल्या त्या दोन मालकांसारखं होतं.

आता आकडे. २१० फूट हा तुमचा सुपर बिल्टअप, म्हणजे जिने-पॅसेजचा वाटा धरलेला आकडा आहे. प्रत्यक्ष आतला कार्पेट बहुधा १२५ ते १३० असेल, करारात बघा. १२८ धरला तर वडिलांनी खरं म्हणजे फुटाला १३ हजारांवर रुपये दिले. मेंटेनन्स तुम्ही १२ रुपये फूट लिहिलाय, म्हणजे महिना २,५२० आणि वर्षाला ३०,२४०. पहिल्या मजल्यावर बंद मॉलमध्ये क्लासला किंवा गोदामाला दिला तर आज ४,००० च्या वर भाडं मिळेल असं मला वाटत नाही. वर्षाचे ४८,०००. मेंटेनन्स गेला की उरले १७,७६०, त्यातून मालमत्ता कर, त्यातून रिकामे महिने. दुसरीकडे ९ लाखांतून थकबाकी पूर्ण फेडली तरी ६ लाख ६० हजार राहतात, आणि साडेसहा टक्क्यांनी त्यांचं व्याज वर्षाला ४२,९०० होतं, शटर न उघडता. निव्वळ आकड्यांवर गाळा ठेवणं बसत नाही. फरक पडेल तो एकाच गोष्टीने : तुमच्या मजल्यावरचे मालक एकत्र येण्याची खरी शक्यता असेल तर.

ती तपासायला आठवडा पुरतो. इमारतीची सोसायटी नोंदलेली आहे का, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असोसिएशन आहे, की अजून बिल्डरचंच ऑफिस पावत्या फाडतंय? शेवटची सर्वसाधारण सभा कधी झाली आणि किती जण आले? जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरकडून ती मालकांच्या संस्थेच्या नावावर होणं, झालंय का? नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डर अडला तरी ते करून घेण्याचा, रस्ता कायद्यात आहे, पण त्यासाठी धडपडणारं कुणीतरी हवं. आणि दर जानेवारी-जुलैला द्यायचं अग्निशमन यंत्रणेचं प्रमाणपत्र दिलं जातंय का? हा शेवटचा प्रश्न मी सगळीकडे आधी विचारते. ज्या इमारतीत ते वेळेवर जातं तिथे कुणीतरी जागं आहे. जिथे वर्षानुवर्षं गेलेलं नाही, तिथे कुठलाही दवाखाना किंवा बँक करार करायला येणार नाही.

थकबाकीचं म्हणाल तर २ लाख ४० हजारांचा आकडा जसाच्या तसा मान्य करू नका. सहा वर्षांचं मुद्दल १ लाख ८१ हजारांच्या आसपास होतं. वरचं व्याज कसं लावलं ते लेखी मागा. सोसायटी असेल तर सरळव्याज लागतं, चक्रवाढ नाही, आणि आदर्श उपविधींत त्याला कमाल मर्यादा आहे. बिल्डरचं ऑफिस असेल तर खर्चाचे हिशेब मागा : जिना बंद, एसी बंद, स्वच्छतागृह बंद असताना १२ रुपये कशाचे? मी दोन्ही बाजूंना बसलेली आहे, म्हणून सांगते, बंद गाळ्याची थकबाकी एकरकमी देतो म्हटलं की बहुतेक ठिकाणी व्याज सुटतं. फक्त भांडून शून्य करायला जाऊ नका. ती रक्कम गाळ्याच्या मानेवर असते, ना-हरकत पत्र मिळाल्याशिवाय विक्री पुढे सरकत नाही, आणि त्या पैशातूनच वॉचमनचा पगार होतो.

विकायचं ठरलं तर एका सापळ्याकडे लक्ष द्या. ओस मॉलमध्ये रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला दर बाजारभावापेक्षा जास्त असणं नेहमीचं आहे. समजा तुमचा गाळा ९ लाखांना जातोय आणि सरकारी मूल्य १३ लाख निघतं. घेणाऱ्याला मुद्रांक शुल्क १३ लाखांवर भरावं लागेल, आणि फरक दहा टक्क्यांच्या वर असल्याने आयकरात तुमची विक्रीही १३ लाखांनाच झाली असं धरतात, शिवाय घेणाऱ्याच्याही उत्पन्नात तो फरक मोजला जातो. तुमची मूळ खरेदीच १६ लाख ८० हजारांची असल्याने तुम्हाला नफा निघणार नाही. उलट दीर्घकालीन भांडवली तोटा दाखवता येईल आणि तो आठ वर्षं पुढे ओढता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं तरच. अडचण खरेदीदाराची होते आणि तो ऐनवेळी भाव पाडून मागतो. म्हणून सह्यांच्या आधी दुय्यम निबंधक कार्यालयातून मूल्यांकन काढून घ्या, आणि गरज पडली तर नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल जोडा.

वारसांचंही आधी मिटवा. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर गाळ्यावर आईचा, तुमचा आणि भावंडांचा हक्क आहे. नावं लागणं, हक्कसोडपत्र करायचं असल्यास ते नोंदवणं, याला दोन-चार महिने सहज जातात. खरेदीदार तेवढं थांबेल का हे त्याला आत्ताच विचारा, आणि टोकन घेऊन अडकू नका.

राहिली आई. तिचं म्हणणं मी बाजूला सारणार नाही. माझ्या मॉलमध्ये एक निवृत्त मास्तर दर महिन्याला येऊन आपला बंद गाळा उघडायचे, झाडायचे, उदबत्ती लावायचे आणि परत शटर ओढायचे. त्यांनी आयुष्यात स्वतः घेतलेली ती एकमेव स्थावर मालमत्ता होती, आणि ती चुकली हे मान्य करणं त्यांना फार जड गेलं. तुमच्या वडिलांनी मूर्खपणा केला नव्हता, हे आईला स्वच्छ सांगा. २०१० मध्ये त्या दराने गाळा घेणारी चांगली शिकलेली, हिशेबी माणसं मी शेकड्याने बघितली. त्यांना दाखवलेला मॉल आणि विकलेला गाळा या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि ते ओळखण्याचं साधन तेव्हा त्यांच्या हातात नव्हतं. शक्य झालं तर एकदा आईला घेऊन तिथे जा. शटर उघडा, आत जाऊन बसा, शेजारचे गाळे तिला बघू द्या. घरात बसून ‘विकू नको’ म्हणणारी माणसं तो अंधारा पॅसेज चालून आल्यावर वेगळं बोलतात, हा माझा अनुभव आहे. आणि त्यानंतरही ती नकोच म्हणाली, आणि तुमचं घर त्या पैशावर अडलेलं नसेल, तर थकबाकी मिटवून, त्याच कापड दुकानदाराला गाळा गोदाम म्हणून पाच वर्षांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवर द्या, मेंटेनन्स भाडेकरूने भरायचा या अटीवर. त्याला विकत घ्यायचाच असेल तर तो पाच वर्षांनीही तिथेच असेल.

मूळ करारनामा सापडला की त्यातलं कार्पेट क्षेत्र, पार्किंगचा हक्क आणि सामाईक जागेचा परिशिष्टातला नकाशा एवढं आधी बघा. त्यात काही अडलं तर इथेच लिहा, मी बघते.